ऑफिसातल्या २० पीसींवर टाइटव्हीएनसीचा (लांबून दुसरा पीसी बघायचं-चालवायचं सॉफ्टवेअर) पासवर्ड बदलायचाय. एका पीसीवरची एन्क्रिप्टेड नोंद बाकीच्यांवर कॉपी केली तर चालेल का?

चालेल. रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज साठतात तिथे) एचकेएलएम, सॉफ्टवेअर, टाइटव्हीएनसी, सर्व्हर असं आत जा. एका पीसीवर पासवर्ड बदलून ती सर्व्हर की (म्हणजे रजिस्ट्रीतला तो फोल्डर) फाइलमध्ये एक्सपोर्ट करा, बाकीच्यांवर इम्पोर्ट करा, सर्व्हिस रीस्टार्ट. (बाकीची सेटिंग्जही सोबत जातात, तेवढं बघा.) महापेच्या आमच्या ऑफिसात मी हेच करतो, नाहीतर मजले चढण्या-उतरण्यातच शनिवार संपायचा.

पण हे चालतं कशामुळे? पासवर्ड डीईएस या पद्धतीने एन्क्रिप्ट होतो खरा, पण त्याची किल्ली सगळ्या पीसींवर एकच, आणि तीही जगजाहीर. म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला! ज्याला ती फाइल मिळाली त्याला पासवर्ड मिळाला. त्यामुळे काम झालं की फाइल उडवा. शेअर्ड फोल्डरमध्ये किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. शिवाय पहिली ८ अक्षरंच धरली जातात, १६ अक्षरी पासवर्ड ठेवून उगाच खूश होऊ नका.

आणि घरून लॉगिन करायला कुणी राउटरवर ५९०० पोर्ट (व्हीएनसी ज्यावरून चालतं तो) उघडून मागितला, तर सरळ नाही म्हणा. व्हीपीएन लावून द्या.