मुलाला निन्टेन्डोवरचे ब्रेन ट्रेनिंगचे गेम घेऊन दिले तर स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्तेच्या पेपरला फायदा होईल का? कुठला घेऊ?

पेपरला फायदा होणार नाही. गेम मात्र जरूर घ्या. ही दोन वाक्यं मी आमच्या घरात कित्येक वर्षं सांगतेय आणि माझ्या सख्ख्या भावाला ती अजून पटलेली नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बाबा रिटायर झाले त्या सुमारास माझा नवरा ऑफिसच्या कामाने सिंगापूरला गेला होता. येताना त्याने निन्टेन्डो डीएस, म्हणजे हातात धरायचं दोन पडद्यांचं गेमचं यंत्र, आणि त्यावरचा ब्रेन ट्रेनिंग हा गेम आणला. जपानच्या तोहोकु विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञ डॉ. कावाशिमांच्या नावाने २००५ साली जपानमध्ये निघालेला तोच गेम. यंत्र पुस्तकासारखं उभं धरायचं, एका पडद्यावर गणित येतं, दुसऱ्यावर पेनाने उत्तर लिहायचं. शेवटी तुमच्या मेंदूचं वय सांगतात. उत्तम म्हणजे २०, वाईटात वाईट ८०.

बाबांनी उभी हयात सरकारी कचेरीत बिलं तपासण्यात घालवलेली. त्यांना तोंडी हिशेबात हरवणारं आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात कुणी नसेल. तरी पहिल्याच दिवशी त्यांचं वय ८० आलं! बघितलं तर घाईत त्यांचा हात मराठी आकड्यांवर जात होता. त्यांनी एक काढला की यंत्र नऊ वाचायचं, चार काढला की आठ. "उत्तरं बरोबर आहेत, यालाच वाचता येत नाही," असं म्हणून त्यांनी पाठकोऱ्या कागदावर इंग्रजी आकडे गिरवायला घेतले. वयाच्या साठीत, रोज सकाळी, चहा निवेपर्यंत. मग वीस गणितांच्या फेरीत त्यांना रॉकेटचा वेग मिळायला लागला. पायी, सायकल, मोटार, आगगाडी, विमान आणि सगळ्यात वर रॉकेट, अशी तिथली चढण आहे. घरात माणसं शिरतात, बाहेर पडतात, शेवटी आत किती उरली ते सांगा, हा त्यांचा सर्वांत लाडका प्रकार. नातवंडं त्यांच्याशी पैज लावायची आणि हरायची.

ऐरोलीहून दादा आला की एकच टुमणं. "म्हातारपणी त्यांच्या हातात खेळणं काय दिलंस?" आणि त्याच दादाने पुढे स्वतःच्या मुलाला तोच गेम आणला, कशासाठी, तर मार्क वाढावेत म्हणून. रोजचं वय वहीत उतरवायचं, वाढलं की ओरडा. पोराने महिन्याभरात यंत्र कपाटात टाकलं. मी असते तर मीही टाकलं असतं.

पुढे बाबांना विसर पडायला लागला. गोखले रोडवरून घरी येताना गल्ली चुकले, तेव्हा आम्ही डॉक्टर गाठला. त्या संध्याकाळी दादा सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मग त्या मेंदूच्या व्यायामाचं काय झालं?" ते वाक्य मला अजून बोचतं. मी तो गेम औषध म्हणून दिलाच नव्हता. कामावरून घरी बसलेल्या, कुणी काही न विचारणाऱ्या माणसाला रोज सकाळी जिंकायला काहीतरी होतं. हा फायदा मोजायचा नाही तर कुठला मोजायचा?

आणि शास्त्राचंच विचाराल तर २०१० साली मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी बीबीसीबरोबर केलेला मोठा प्रयोग 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला होता. ११,४३० लोक, सहा आठवडे कॉम्प्युटरवर असलेच व्यायाम. ज्याचा सराव केला त्यात माणसं तरबेज झाली, बाकीच्या बुद्धीत फरक नाही. स्कॉटलंडमधल्या शाळांत मात्र मुलांना रोज वीस मिनिटं ब्रेन ट्रेनिंग दिलं, तेव्हा त्यांचा आकडेमोडीचा वेग वाढला. वाढणारच, कारण तो आकडेमोडीचाच सराव आहे. तुमच्या मुलाच्या पेपरात आकृत्यांच्या मालिका, सांकेतिक भाषा, घड्याळ-कॅलेंडर असतं. त्याला जुने पेपर वेळ लावून सोडवायला बसवा. दुसरा उपाय नाही. अबॅकसच्या क्लासवाल्यांनाही हेच लागू आहे, ते काहीही सांगोत.

कुठला घ्यावा? मुलासाठी ब्रेन ट्रेनिंगपेक्षा डीएसवरचाच प्रोफेसर लेटन हा कोड्यांचा गेम चांगला. एका गोष्टीत शंभराहून जास्त कोडी गुंफलेली आहेत, आणि ती अकिरा तागो या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केलेली. कोडं अडलं की मुलगा तुम्हाला हाक मारेल. तेव्हा हातातलं काम टाकून जा. वाचनाचा कंटाळा असेल तर पिक्रॉस द्या, आकड्यांवरून चौकटी रंगवून चित्र काढायचं असतं. वही करू नका, मार्कांशी सांगड घालू नका.

लेटनमध्ये वाचायला इंग्रजी बरंच आहे, मराठी माध्यमातला मुलगा असेल तर सुरुवातीला शेजारी बसावं लागेल. जुनं डीएस घेणार असाल तर दुकानातच पेनाने पडद्याचे चारही कोपरे तपासा आणि बिजागरी उघडझाप करून पाहा. डीएसची साधी कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात घालायची गेमची चकती-वजा चिप, कुठल्याही देशातली चालते. डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएस या यंत्राच्या कार्ट्रिजला मात्र प्रदेशाचं बंधन असतं, एका भागातली दुसऱ्या भागातल्या यंत्रावर चालत नाही. थ्रीडीएसवर नवे गेम डाउनलोडने विकत घेण्याचं दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालंय, त्यामुळे कार्ट्रिजच शोधा.