मॅमी एवढी गोड, मग टीका का?

प्रश्न : ताई, सुट्टीत मुलीसोबत 'गॉन विथ द विंड' हा जुना हॉलिवूड पिक्चर बघितला. दोघींना सगळ्यात जास्त आवडली ती मॅमी, घरातली काळी दाई, फटकळ पण जीव लावणारी. नंतर नेटवर वाचलं की या पात्रावर खूप टीका झालीये. एवढी प्रेमळ दाखवलीये, मग प्रॉब्लेम काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मॅमी आवडली यात तुमचं काही चुकलं नाही, हॅटी मॅकडॅनियलने काम केलंयच तसं. पण बघा ना, जवळजवळ चार तासांच्या पिक्चरमध्ये या बाईला स्वतःचं नावसुद्धा नाही, मॅमी ही मुलं सांभाळणाऱ्या काळ्या बाईला मारायची हाक झाली. तिचं घर नाही, मुलंबाळं नाहीत. आणि ती गुलाम आहे हो! गोष्ट अमेरिकेत काळ्यांना गुलाम ठेवायचे तेव्हाची. त्या काळात मालकाच्या मनात आलं तर गुलाम बाईची पोटची पोरं तो विकून टाकायचा, पडद्यावर मात्र तीच बाई मालकाच्या लेकीच्या कॉर्सेटच्या (कंबर आवळायच्या पोशाखाच्या) दोऱ्या आवळण्यात सुखी. गुलामी काही एवढी वाईट नव्हती हे लोकांच्या गळी उतरवायला हे चित्र फार सोयीचं होतं. अमेरिकेतल्या 'आंट जेमायमा' पॅनकेकच्या खोक्यावरही हीच हसरी बाई, ते नाव 1889 पासून चाललं ते थेट 2021 मध्ये बदललं.

मला जास्त वाईट वाटतं ते हॅटीचं. डिसेंबर 1939 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटा शहरात पिक्चरचा प्रीमियर झाला, तिथे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायचा कायदा, त्यामुळे ती जाऊच शकली नाही. फेब्रुवारी 1940 मध्ये याच रोलसाठी ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलंच, आणि त्या रात्री तिला बाकीच्यांपासून लांब भिंतीकडच्या टेबलावर बसवलेलं, कारण त्या हॉटेलात काळ्यांना घेतच नसत, निर्मात्याने शब्द टाकला म्हणून ती आत तरी आली. वर काळ्यांच्या संघटनेतले लोकही नाराज, की सारखी मोलकरीणच का करतेस. काय करणार, दुसरं काम देतंय कोण? पुढचं ऑस्कर काळ्या अभिनेत्रीला मिळालं ते 1991 मध्ये, व्हूपी गोल्डबर्गला, आणि मुख्य भूमिकेसाठी 2002 मध्ये, हॅली बेरीला.

मुलीला पिक्चर परत दाखवा, फक्त मधे थांबवून विचारा, मॅमीची स्वतःची माणसं कुठे असतील गं? आणि मग 'स्टार ट्रेक' या टीव्ही सिरीजमधली, निशेल निकोल्स या काळ्या अभिनेत्रीने केलेली उहुरा दाखवा, 1966 ची, अवकाशयानावरची अधिकारी. निशेल सिरीज सोडायला निघालेली, मार्टिन ल्यूथर किंगनी तिला थांबवलं. लहानपणी टीव्हीवर ही उहुरा बघणारी काळी मुलगी मे जेमिसन 1992 मध्ये खरोखर अंतराळात जाऊन आली.