शिबिरातून घरी आलेला फ्लँकर आणि ३३ जागांचा हिशेब

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा आहे. रग्बीत ओपनसाइड फ्लँकर खेळतो, म्हणजे मैदानाच्या मोकळ्या बाजूला सुटा चेंडू मिळवायला धावणारा. विश्वचषकाआधीच्या राष्ट्रीय सराव शिबिराला त्याला बोलावलं होतं, पण अंतिम संघ जाहीर व्हायच्या आठवडाभर आधी घरी पाठवलं. क्लबचे प्रशिक्षक म्हणतात, ‘हुकर हो’, म्हणजे पहिल्या फळीत मधोमध खेळ. तो म्हणतो, पदवीचं दुसरं वर्ष सोडतो आणि दोन वर्षं फक्त खेळतो. तो कमी पडला का? आम्ही काय करावं? – एक आई

उत्तर : तुमचा मुलगा कमी पडला की नाही, हे त्या यादीवरून ठरत नाही. राष्ट्रीय संघाची यादी परीक्षेच्या गुणवत्ता यादीसारखी नसते. देशातले सर्वोत्तम ३३ खेळाडू वरून खाली मोजत घेतले, असं कुठलीच निवड समिती करत नाही. ती जागा भरते.

पुरुषांच्या २०२३च्या विश्वचषकात प्रत्येक देशाला ३३ खेळाडू नेता आले. त्यांची वाटणी साधारण अशी होते : पहिल्या फळीत हुकरच्या दोन्ही बाजूंचे प्रॉप ५ किंवा ६, हुकर ३, त्यांच्यामागचे लॉक ४, फ्लँकर आणि नंबर एट (सर्वात मागून रेटणारा) मिळून ५-६, मागच्या फळीत स्क्रम-हाफ ३, फ्लाय-हाफ २-३, सेंटर ४, विंग आणि फुलबॅक मिळून ५-६. आता तुमच्या मुलाची जागा बघा. त्या पाच-सहांत एक-दोन नंबर एट लागतात, आणि लाइनआउटमध्ये (बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हुकर परत आत फेकतो तेव्हा) उंच उडी घेऊन चेंडू पकडणारे एक-दोघे तरी लागतात. निव्वळ ओपनसाइडसाठी उरतात फार तर दोन जागा. तिथे आधीचे दोघे टिकून असले, तर तिसरा कितीही चांगला खेळला तरी घरी जातो. त्याच शिबिरात त्याच्यापेक्षा कमी तयारीचा तिसरा हुकर मात्र राहतो, कारण त्याच्याशिवाय संघ उभाच राहत नाही.

हुकरचं महत्त्व नियमातच आहे. सामन्याच्या २३ जणांत पहिल्या फळीत खेळू शकणारे किमान सहा हवेत, म्हणजे दोन्ही प्रॉप आणि हुकर यांना प्रत्येकी एक प्रशिक्षित बदली. स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात तेव्हा) मानेवर आणि पाठीच्या कण्यावर येणारा भार इतका असतो की तिथे अप्रशिक्षित खेळाडू उभा करताच येत नाही. तसा खेळाडू उरला नाही, तर पुढचे स्क्रम जोर न लावता खेळवावे लागतात.

२०२३च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेचा हुकर माल्कम मार्क्स गुडघ्याच्या दुखापतीने स्पर्धेबाहेर गेला. त्याच्या जागी त्यांनी हुकर न बोलावता फ्लाय-हाफ हांद्रे पोलार्डला बोलावलं. ही जोखीम घेता आली, कारण हुकर आणि फ्लँकर दोन्ही जागा खेळलेला डिऑन फूरी संघात होता. अंतिम सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच हुकर बाँगी म्बोनाम्बी जखमी झाला आणि जवळजवळ सगळा सामना फूरी हुकर म्हणून खेळला. लाइनआउट बिघडले, पण संघ १२-११ असा जिंकला, आणि ते १२ गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे होते. मूळच्या ३३मध्ये पोलार्डचं नावच नव्हतं.

म्हणून प्रशिक्षकांचा सल्ला मला योग्य वाटतो, पण ‘फ्लँकर सोडून हुकर’ असा नको. ‘फ्लँकर आणि हुकर’ असा हवा. घाई मात्र मुळीच नको. क्रम असा ठेवा : आधी दोन-तीन महिने मान आणि वरच्या पाठीची ताकद, मग स्क्रम मशीनवर एकट्याने, मग एकास एक, मग तीनास तीन, आणि शेवटी आठास आठ. प्रत्येक टप्पा पहिल्या फळीच्या प्रशिक्षकासमोरच व्हावा. वजन वाढवायचं तर महिन्याला अर्धा ते एक किलो. त्याहून वेगाने वाढवलं, तर ज्या चपळाईमुळे शिबिराला बोलावलं तीच जाते.

खरी परीक्षा लाइनआउटच्या फेकीची. लाइनआउट बाजूच्या रेषेपासून ५ ते १५ मीटरांत असतो. पुढच्या उडीला केलेली सपाट फेक महिन्याभरात जमते. शेवटच्या उडीवरची फेक वाऱ्यात, दमलेल्या हातांनी आणि उडी मारणाऱ्याच्या वेळेशी जुळवून करावी लागते. तिथेच बहुतेक जण अडकतात, कारण सराव ताज्या हातांनी करतात. त्याने आठवड्यातून चार दिवस ५०-६० फेकी कराव्यात, त्यातल्या निम्म्या धावण्याच्या किंवा टॅकलच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडण्याच्या) सरावानंतर. वहीत तीन रकाने ठेवावेत : पुढे, मध्ये, मागे; प्रत्येकात किती फेकी नेमक्या गेल्या हे लिहावं. पुढच्या शिबिरात ही वही आणि सामन्यांचं चित्रीकरण दोन्ही बोलतील.

या आठवड्यातलं काम वेगळं आहे. शिबिराच्या प्रशिक्षकांकडे त्याने स्वतः वेळ मागावी आणि तीनच गोष्टी विचाराव्यात : माझ्या जागेवर मी कितवा आहे? पुढच्याच्या तुलनेत नेमकं काय कमी आहे? ते तुम्हाला कुठल्या सामन्यांत दिसायला हवं? ‘मला का वगळलं’ असं विचारलं की सांत्वन मिळतं, माहिती मिळत नाही. उत्तरं त्याच दिवशी लिहून ठेवावीत.

क्लबही तपासा. मोठ्या क्लबच्या बाकावर बसून आठवड्याला १५ मिनिटं खेळण्यापेक्षा लहान क्लबमध्ये पूर्ण ८० मिनिटं खेळणं या वयात जास्त मोलाचं, कारण दुसऱ्या रकपर्यंत (जमिनीवरच्या चेंडूसाठीच्या रेटारेटीपर्यंत) तो किती लवकर पोचतो आणि ७०व्या मिनिटाला टॅकलनंतर किती लवकर उठतो, हे निवडणाऱ्यांना बाकावरून दिसत नाही.

स्पर्धा संपेपर्यंत त्याने स्वतःला बदली खेळाडूच समजावं. २०११च्या विश्वचषकात न्यूझीलंडचे फ्लाय-हाफ डॅन कार्टर आणि कॉलिन स्लेड स्पर्धेतच जायबंदी झाले, अंतिम सामन्यात एरन क्रूडन बाहेर गेला, आणि मूळ यादीत नसलेल्या स्टीफन डोनाल्डने मारलेली पेनल्टी निर्णायक ठरली, निकाल ८-७. बोलावणं अचानक येतं. पासपोर्टची मुदत बघून ठेवा, धावण्याचा सराव थांबवू नका, आणि सर्दीच्या गोळीपासून प्रोटीन पावडरपर्यंत संघाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ देऊ नका. उत्तेजक चाचणीत ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

आता शिक्षण. पदवी सोडू देऊ नका. पूर्ण वेळ व्यावसायिक करार हातात नसताना दोन वर्षं मोकळी ठेवली, तर सरावाचे तास फारसे वाढत नाहीत. शरीराला रोज चार-पाच तासांहून जास्त मार सोसत नाही. उरलेला वेळ काळजीत जातो. विषय कमी घेऊन तीन वर्षांची पदवी चार वर्षांत करता येते का, हे कॉलेजला विचारा, आणि परीक्षेच्या तारखा क्लबला हंगामाआधीच लेखी द्या. गुडघा किंवा खांदा एकदा गेला की पुनर्वसनाचे सहा-नऊ महिने जातात. त्या काळात अभ्यास हाताशी असलेला मुलगा सावरतो.

तुम्ही स्वतः प्रशिक्षकांना फोन करू नका. ती भेट त्याचीच होऊ द्या, आणि तो परत आला की त्याने लिहून आणलेली उत्तरं शांतपणे वाचा.