सगळीकडे नॉमिनी लावलाय, तरी मृत्युपत्र हवं का? हवं.

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर ४४ वर्षांचे, मुलं बारा आणि सात वर्षांची, पुण्यातला फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, सोसायटीत आणि बँकेत सगळीकडे नॉमिनी म्हणून तुमचं नाव. मग मृत्युपत्र वेगळं कशाला, असं तुम्ही विचारलंय. आणि विषय काढला की सासूबाई म्हणतात, ‘भरल्या घरात असलं अभद्र बोलू नये.’

मी ३१ वर्षं बँकेत होतो. मयत खातेदारांची प्रकरणं बरीच वर्षं माझ्याच टेबलावर यायची. लोकांना ‘मृत्युपत्र करा’ म्हणून सांगत आलो आणि माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या घरात तेच राहून गेलं. त्याची खंत आजही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ २०१६ साली गेला. ४६ वर्षांचा होता, हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊ. फ्लॅट त्याच्या नावावर, नॉमिनी भावजय. सोसायटीने महिन्याभरात शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव लावून दिलं आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. घराचं तरी मिटलं, असं वाटलं.

२०२१ साली तिने तो फ्लॅट विकून साताऱ्याला माहेराजवळ लहान घर घ्यायचं ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं, इसार झाला. गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने कागद पाहिले आणि विचारलं, ‘बाकीच्या वारसांचं काय?’ तेव्हा कळलं की तिच्या घराची मालक ती एकटी नव्हतीच. नॉमिनी म्हणजे पैसे किंवा वस्तू ताब्यात घेऊन खऱ्या वारसांसाठी सांभाळणारा माणूस. सर्वोच्च न्यायालयाने हे विम्याबद्दल डिसेंबर १९८३ मध्ये सांगितलं आणि शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. (विम्यापुरता २०१५ साली कायदा बदलला, नवरा-बायको, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर तिथे तरतूद वेगळी आहे. घराला ती लागू नाही.)

मृत्युपत्र नसलं की हिंदू पुरुषाच्या मालमत्तेची वाटणी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने होते. पहिल्या वर्गात बायको, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांना सारखा वाटा. पुष्कळांना ठाऊक नसतं की यात वडील नाहीत, ते दुसऱ्या वर्गात येतात. म्हणजे मुलाच्या पश्चात आईला हिस्सा मिळतो आणि त्याच घरात राहणाऱ्या वडिलांना काहीच नाही.

तर भावाच्या फ्लॅटचे चार वाटे झाले: भावजय, दोन मुलं आणि आमची आई. आई २०१९ मध्ये गेली. तिनेही काही लिहून ठेवलं नव्हतं. तिच्या चौथाईचे पुन्हा तीन भाग: एक माझा, एक बहिणीचा, एक भावाच्या दोन मुलांचा मिळून. सुनेला त्यात काही नाही. भावाने हप्ते भरून घेतलेल्या त्या घरात बाराव्या हिश्श्याचा मालक मी होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी आणि बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यायचं लगेच ठरवलं. पण बहीण मस्कतला. तिला तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन कुलमुखत्यारपत्र (तिच्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद) करून पाठवावं लागलं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातला तो दिवस मी विसरणार नाही. अंगठ्याच्या यंत्राला माझा ठसा तीनदा उमटेना, तिथला मुलगा ओल्या फडक्याने माझं बोट पुसत होता, आणि समोरच्या बाकावर भावजय मांडीवर फाईल धरून बसली होती. एवढंच म्हणाली, ‘दादा, माझ्याच घरासाठी तुमच्याकडून लिहून घ्यावं लागतंय.’ मला मान वर करता आली नाही. आमच्यात गोडी होती म्हणून हे सह्यांवर निभावलं. जिथे बोलणंही बंद आहे त्या घरांत काय होतं, ते मी टेबलापलीकडून फार पाहिलंय.

खरी अडचण पुढेच होती. पुतण्या तोवर अठरा पूर्ण झाला होता, पुतणी चौदा वर्षांची. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या हिश्श्याची स्थावर मालमत्ता सख्ख्या आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. १९५६ च्याच अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ तसं सांगतं. विकणं मुलीच्या गरजेचं किंवा उघड फायद्याचं आहे, हे आईने जिल्हा न्यायालयात अर्ज करून पटवून द्यायचं. अर्ज, जाहीर नोटीस, तारखा यांत अकरा महिने गेले. पहिलं गिऱ्हाईक तोपर्यंत थांबलं नाही. परवानगी मिळाली तेव्हा मुलीच्या हिश्श्याचे पैसे ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवायची अट आली. कायद्याचा हेतू चांगला आहे, मुलांचं कोणी लुबाडू नये हाच. पण तिला घर घ्यायला पैसे तेव्हा लागत होते.

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण तुमची मांडणी हुबेहूब हीच आहे: एकाच्या नावावर फ्लॅट, दोन अज्ञान मुलं, हयात सासूबाई. तुम्हाला दीर-नणंद आहेत की नाहीत ते तुम्ही लिहिलेलं नाही, असतील तर माझ्या जागी उद्या ते.

भावाच्या कपाटात एक निळी डायरी सापडली होती. पॉलिसी नंबर, ठेवींच्या तारखा, सगळं त्याच्या नेटक्या अक्षरात. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘माझ्यामागे घर हिचं राहील’, खाली तारीख आणि सही. साक्षीदार नव्हते, म्हणून त्या कागदाला किंमत नव्हती. दोन सह्यांची कमी होती, ताई. त्याच मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांच्या.

म्हणून काय करायचं ते सांगतो. साधा कोरा कागद चालतो, स्टँप पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही. मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलं तरी चालतं. प्रत्येक पानावर सही करावी आणि शेवटची सही दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत करून मग त्या दोघांनीही करावी. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारे आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीच मिळणार नाही असे घ्या. पुढे वाद झाला तर त्यांच्यातल्या एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. फ्लॅटचं वर्णन करारनाम्यातून जसंच्या तसं उतरवा. ‘याखेरीज जी काही मालमत्ता असेल ती अमुक यांना’ हे वाक्य विसरू नका, नाहीतर उद्या घेतलेली गाडी किंवा नवी ठेव पुन्हा वाटणीत जाते. अंमलबजावणी करणारा एक माणूस नेमा. आणि दोघांचं काही बरंवाईट झालं तर मुलांचं पालकत्व कोणाकडे, हेही त्यातच लिहिता येतं. लहान मुलं असलेल्या घरात मला हे कलम घराच्या कलमाइतकंच मोलाचं वाटतं.

नोंदणी सक्तीची नाही. तरीही करा. खर्च किरकोळ आहे आणि खोटेपणाचा आरोप करणं पुढच्याला अवघड जातं. मत बदललं तर नवं करता येतं. शेवटचं करतो तेच लागू. गावाकडे वडिलोपार्जित जमीन असेल तर त्यातला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो.

मूळ प्रत एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. मालक गेल्यावर लॉकर उघडायला वारसांचे कागद मागतात आणि ज्यात वारस लिहिलाय तो कागद आत अडकलेला असतो. अशी तीन प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही नोकरी करता आणि नाशिकला आईला दर महिन्याला पैसे पाठवता, असं लिहिलंय. तुम्ही काही न लिहिता गेलात तर तुमच्या कमाईत नवरा आणि मुलं वारस. आईला एक पैसा नाही. मूल नसलेल्या विधवेची स्थिती तर याहून वाईट. तिची स्वकष्टाची कमाईसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईवडिलांचा नंबर त्यानंतर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं: लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरहून बाहेर काढलेली, माहेरी शिकून नोकरीला लागलेली बाई. तिची पुंजी सासरच्यांना मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं, ते वारसांच्या याच क्रमामुळे. तेव्हा तुम्हीही करा, दोघांची वेगवेगळी.

हे सगळं हिंदू कायद्याचं झालं. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, आणि गोव्यात मुलं असतील तर आपल्या वाट्याच्या निम्म्यापुरतंच. तिथल्या वाचकांनी स्थानिक वकिलांना विचारावं.

सासूबाईंशी बोलताना त्यांच्यापासून सुरुवात करा. मृत्युपत्र म्हणजे आपल्याला डावलायचा घाट, ही भीती त्यांच्या बोलण्यामागे असू शकते. मिस्टरांना लिहू द्या की फ्लॅट पत्नीला, पण आईला त्यात तहहयात राहण्याचा हक्क, आणि अमुक ठेव आईच्या औषधपाण्याला. कायद्याने आलेल्या पाव हिश्श्यापेक्षा म्हाताऱ्या माणसाला याचा आधार जास्त. हे त्यांना मुलाने स्वतः वाचून दाखवावं, तुम्ही नको.

फ्लॅट कधी, कोणत्या पैशातून घेतला आणि कर्ज किती बाकी आहे, हे कळवा. कच्चा मसुदा झाला की नावं आणि नंबर गाळून इथे टाका, मी ओळ न् ओळ वाचेन. सही करण्याआधी तो तुमच्या वकिलांनाही दाखवा.