भेगाळलेल्या खडकात वायू टिकेल का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोअर घेतली तेव्हा आधी मुरूम, मग काळा पत्थर, मध्येच तांबड्या गेरूचा पट्टा आणि त्याखाली एकदम पाणी लागले. ‘फ्रॅक्चर लागले,’ असे गाडीवाल्याने सांगितले. कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड अशाच काळ्या दगडात साठवता येतो, असे वाचनात आले. ज्या खडकातून पाणी वाहते, त्यात वायू टिकेल कसा? तो आमच्या बोअरमध्ये येणार नाही का?
— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण काही ठिकाणी भेगांनी खरोखरच घात केला आहे. अल्जीरियातील इन सालाह येथे २००४ पासून वाळूच्या खडकात वायू सोडला जात होता. तेथे दाबाने जमीन किंचित वर उचलली गेली, वरच्या झाकणासारख्या खडकातील भेगांविषयी शंका निर्माण झाली आणि २०११ मध्ये काम थांबवावे लागले. वाळूच्या खडकात वायू दीर्घकाळ वायूच राहतो, म्हणून तेथे सारी भिस्त त्या झाकणावर असते.

बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पत्थराची, गोष्ट निराळी आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी शिरत नाही, तसा वायूही शिरत नाही. त्याला वाट मिळते ती लाव्हा थंड होताना पडलेल्या सांध्यांतून आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांतून. या वाटांवर कार्बन डायऑक्साइड विरघळलेले आम्ल पाणी खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह सोडवून घेते आणि त्यांच्याशी संयोग पावून कार्बोनेट खनिज होऊन बसते. आइसलंडमध्ये २०१२ साली सुमारे अडीचशे टन वायू पाण्यात विरघळवून चारशे ते आठशे मीटर खोलीवर सोडला, तेव्हा त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक भागाचा दोन वर्षांच्या आत दगड झाला. शिवाय असे पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असल्याने ते वर येऊ पाहत नाही.

याची खूण पाहायची असेल, तर पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेला एखादा पोकळीचा दगड हाती घ्यावा. आत स्टिल्बाइटचे पांढरट स्फटिक, नशीब असेल तर कॅव्हन्साइटचा गडद निळा गुच्छ, आणि अनेकदा कॅल्साइटही दिसते. खडकात फिरणाऱ्या पाण्यानेच ही खनिजे तेथे आणून बसवली आहेत.

मात्र भेग कशी आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. एकच रुंद भेग असेल, तर वायू खडकाशी पुरेसा संबंध येण्याआधीच पुढे निघून जातो. बारीक भेगांचे दाट जाळे असेल, तर त्याला प्रक्रियेसाठी पृष्ठभाग भरपूर मिळतो, पण तयार झालेले खनिजच पुढे ती वाट बुजवू शकते. माझ्या मते या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे.

आपल्या बोअरचे पाणी वरच्या काहीशे फुटांतले असते, तर साठवण त्याच्या कितीतरी खाली, मध्ये अखंड थर असतील तेथेच करणे योग्य. कोयना परिसरातील खोल छिद्रांत बेसाल्टची जाडी कोठे नऊशे, तर कोठे बाराशे मीटरच्या वर आढळली, म्हणजे खोली आहे. परंतु ११ डिसेंबर १९६७ चा तेथील भूकंप आपण विसरू शकत नाही. भेगांतील पाण्याचा दाब वाढला की ताणाखाली असलेला खडक सरकू शकतो, म्हणून त्या पट्ट्यात हा प्रयोग करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

प्रश्न : आइसलंडची पद्धत आपल्याकडे का वापरत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पहिली अडचण पाण्याची. एक टन वायू विरघळवण्यास सुमारे २५ टन पाणी लागते. कोळशावर चालणारा ५०० मेगावॉटचा एक संच वर्षाला साधारण तीस लाख टन वायू सोडतो, म्हणजे पाणी झाले साडेसात कोटी टन, अर्थात अडीच टीएमसीहून अधिक. खडकवासला धरणाची क्षमता दोन टीएमसीच्या आतली आहे. काही पाणी पुन्हा वापरता येते, तरीही उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावांशेजारी असा हिशेब मांडणे मला पटत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील वलुला येथे २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन वायू पाण्याविना, दाबाने द्रवासारखा दाट करून बेसाल्टमध्ये सोडला गेला आणि नंतर काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेटचे दाणे सापडले. आपल्याकडे आधी हाच मार्ग तपासावा. पण असा वायू पाण्यापेक्षा हलका असल्याने वर सरकू पाहतो, म्हणून वरच्या थरांतील भेगांची तपासणी त्यापूर्वी करावी लागेल.