घर घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे का?

आपला प्रश्न असा आहे की, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका असे प्रभूने सांगितले असताना ख्रिस्ती कुटुंबाने कर्ज काढून स्वतःचे घर घेणे हे अविश्वासाचे लक्षण ठरते का, आणि भक्तीला पहिले स्थान द्यायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे. मी पाळक नाही. सोलापुरातील एका मंडळीत काही वर्षे दानाचा हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील त्या वचनात कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, आणि जंग यांचा उल्लेख येतो. त्या काळी भारी वस्त्रे हीसुद्धा मोठी ठेव असे, म्हणून कसरीची भीती. कापडावर जगलेल्या आमच्या शहराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या आईने लग्नातली लोकरीची शाल डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपली, थंडीतसुद्धा ती कधी पांघरली नाही, आणि शेवटी घडी उलगडली तेव्हा तिची चाळण झालेली होती. पुढच्याच ओळींत प्रभू म्हणतो की, जेथे तुझे धन आहे तेथे तुझे मनही लागेल. या वाक्यातील क्रम मला फार उशिरा लक्षात आला. आधी मन शुद्ध होईल आणि मग हात सैल सुटेल, अशी वाट आपण पाहत बसतो. येथे मात्र धन पुढे जाते आणि मन त्याच्या मागून चालते.

धन कोठे गेले हे वरवर पाहून कळतेच असे नाही. आमच्याकडे कापणीच्या सणाला ज्वारी, भोपळे, कोंबड्या, लिंबे असे जे अर्पण येते, त्याचा उपासनेनंतर लिलाव होतो. एका वर्षी समोरचा माणूस बोली वाढवत गेला म्हणून मीही वाढवत गेलो आणि एक लिंबू दोन हजार रुपयांना घेतले. टाळ्या झाल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईंनी मुलाच्या फीसाठी पाचशे रुपये मागितले होते आणि मी महिनाअखेरीचे कारण सांगितले होते. दोन हजारांची नोंद दान म्हणून वहीत मीच केली. ती करताना पेन अडखळले, एवढे खरे. मंदिराच्या भांडारासमोर बसून येशूने गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, पाहिल्या, हा प्रसंग मार्काने लिहिला आहे, आणि तेव्हापासून तो वाचताना मला ते लिंबू आठवते.

आता गरिबीविषयी. विड्यांच्या हजारावर मजुरी मिळणाऱ्या बाईला संपत्तीच्या मोहावर प्रवचन देणे मला निर्दयपणाचे वाटते, आणि विश्वास ठेवला की गाडी-बंगला मिळतो असे सांगणारे प्रचारक तर त्याहून वाईट. शास्त्रात सर्वांना एकच माप लावलेले नाही. श्रीमंत तरुणाला सर्वस्व विकायला सांगितले. जक्कय या श्रीमंत जकातदाराने आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि प्रभूने उरलेली अर्धी मागितली नाही. योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया तर आपल्याजवळच्या पैशातूनच येशूची व शिष्यांची सेवा करीत होत्या. त्यांच्याजवळ काही नसते तर ती सेवा झाली नसती.

आपल्या मराठी मंडळीत या विषयावर कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव निघतेच. त्यांनी 1917 साली मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. परंतु त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ वाचली की हेही कळते की, एकाच्या विरक्तीचा भार घरातल्या दुसऱ्या माणसाला उचलावा लागतो. म्हणून घराचा निर्णय आपण एकट्याने भक्तीच्या नावाखाली घेऊ नये. पती-पत्नींनी एकत्र प्रार्थना करून, आकडे कागदावर मांडून घ्यावा.

माझे मत विचाराल तर घर अवश्य घ्या. भाड्याच्या खोल्या बदलत मुलांच्या शाळा बदलण्यात कोणतीही भक्ती नाही. मात्र हप्ता किती ठेवायचा हे बँकेला ठरवू देऊ नका. बँक तुमचा पगार पाहते. रविवारची उपासना आणि रात्रीची कौटुंबिक प्रार्थना तिच्या हिशेबात येत नाही. हप्ता फेडण्यासाठी दर रविवारी जादा पाळी करावी लागणार असेल, तर घर एका खोलीने लहान घ्या. आणि दानाचा भाग हप्त्याच्या आधी बाजूला काढा, कारण प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशीच तो काढून ठेवायला सांगितले आहे. उरलेल्यातून द्यायचे ठरवले तर काही उरत नाही, हे माझ्या वहीने मला अनेकदा दाखवले. दशमांशच, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भागच, हवा की कमी चालेल, यावर मी वाद घालणार नाही. जेवढे ठरवाल तेवढे कुरकुर न करता द्या आणि निदान त्यातला काही भाग नाव न सांगता द्या.

आमचे घर दोन खोल्यांचे आहे. बुधवारच्या प्रार्थनेला पंधरा-सोळा माणसे येतात, तेव्हा पलंग उभा करून भिंतीला टेकवतो आणि सतरंजी अंथरतो.