वावराचं क्षेत्रफळ, लॉगचा बार आणि टॅन ३८ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वावराचा एक तुकडा तिकोनी आहे. टेपनं तिन्ही धुरे मोजले, ७०, ९० आणि ११० मीटर भरले. मुलानं मोबाइलवर फुकटचं सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडून हिशोब केला, तर क्षेत्र दोन हेक्टरच्या वर आलं. एवढं ते नाहीच. कुठं चुकलं?
(शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : कंस राहिला. तिन्ही बाजू माहीत असल्या की हेरॉनचं सूत्र लावतात. त्यात आधी बाजूंच्या बेरजेचं निम्मं काढायचं. मुलानं ७०+९०+११०÷२ असं टाकलेलं दिसतं. सायंटिफिक कॅल्क्युलेटर बेरजेआधी भागाकार करतं, म्हणून निम्मे झाले फक्त ११० चे, आणि आले २१५. तेच पुढं नेलं की २०,२२८ चौरस मीटर होतात. हेच तुमचे दोन हेक्टर.

बरोबर रीत अशी: (७०+९०+११०)÷२ = १३५. मग १३५ मधून एकेक बाजू वजा करा, ६५, ४५ आणि २५ येतात. आता √ दाबून लगेच कंस उघडा, १३५×६५×४५×२५ टाका, कंस बंद करा आणि बरोबरचं चिन्ह दाबा. उत्तर ३१४१.९५ चौरस मीटर. इथंही कंस विसरला तर काही कॅल्क्युलेटर फक्त १३५ चं मूळ काढून बाकीच्यांनी गुणतात आणि आकडा साडेआठ लाखांच्या घरात जातो.

१०० चौरस मीटर म्हणजे १ आर, तेव्हा सातबाऱ्याच्या भाषेत हे ३१.४२ आर झाले. ४०४६.८६ नं भागलं तर ०.७८ एकर, म्हणजे साधारण ३१ गुंठे.

उत्तर पटतं का हे बघायची एक सोपी खूण आहे. त्रिकोणाचं क्षेत्र कुठल्याही दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून जास्त होऊच शकत नाही. ७०×९० चे निम्मे ३१५०, आपलं उत्तर त्याच्या आत आहे. मूळ काढताना ‘एरर’ आलं तर टेपच चुकली समजा: एक धुरा बाकी दोघांच्या बेरजेपेक्षा लांब नोंदला गेला आहे. वावर चौकोनी पण वाकडं असेल तर एक कर्णही मोजा आणि दोन त्रिकोण करून बेरीज घ्या. हा हिशोब बियाणं, खत, फवारणीपुरता. धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाचीच मोजणी घ्यावी.

प्रश्न : लॉग टेबलमध्ये ०.०४५६ चा लॉग ‘बार २.६५९०’ मिळतो. ऑनलाइन कॅल्क्युलेटर −१.३४१० दाखवतं. खरं कोणतं?
(बारावी विज्ञानची विद्यार्थिनी, चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : दोन्ही खरे आहेत. बार म्हणजे आकड्याच्या डोक्यावरची आडवी रेघ, ऋण दाखवणारी. ती फक्त २ वर असते, पुढचा .६५९० धनच राहतो. म्हणजे −२+०.६५९०, आणि ते होतात −१.३४१०. कॅल्क्युलेटरच्या उत्तरावरून टेबलचा आकडा हवा असेल तर त्यात २ मिळव, ०.६५९० येतील, आणि पुढं बार २ लिही.

गडबड होते ती अँटिलॉगला, म्हणजे लॉगवरून मूळ संख्या काढताना. त्यासाठी १० चा घात हे बटण असतं. तिथं −२.६५९० टाकलं तर ०.००२१९ येतं, ते चूक. कंसात (−२+०.६५९०) टाकलं की ०.०४५६ परत मिळतं. आणि लॉगऐवजी ‘एलएन’ दाबू नकोस, त्याचा पाया १० नसून २.७१८२८ आहे. २ चा लॉग ०.३०१०, एलएन ०.६९३१.

बोर्डाच्या पेपरात लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. म्हणून आधी टेबलवरून उत्तर काढ, ताळा मोबाइलवर कर. उलटं केलंस तर हात बसणार नाही.

प्रश्न : झाडापासून १२ मीटरवर उभं राहून शेंड्याचा कोन ३८ अंश मिळाला. उंची ३.७२ मीटर आली. झाड त्याहून बरंच उंच दिसतं.
(पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, पुसद)

उत्तर : कॅल्क्युलेटर अंशाऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) आहे. ‘रॅड’ लिहिलेलं असेल तिथं ‘डेग’ करा. टॅन ३८ अंश = ०.७८१३, १२ नं गुणून ९.३८ मीटर. कोन डोळ्याच्या पातळीवरून मोजलात, म्हणून जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची, समजा १.५ मीटर, त्यात मिळवा: १०.८८. ही चूक लवकर सापडत नाही, कारण ३.७२ हाही झाडाच्या उंचीचा आकडा वाटू शकतो. रोज पहिल्यांदा साइन ३० टाकून बघा. ०.५ आलं तर अंश, −०.९८८ आलं तर रेडियन.

प्रश्न : गावात रेंज जाते-येते. सायंटिफिक कॅल्क्युलेटर नेटशिवाय चालेल का?
(वाचक, धारणी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : बऱ्याच फोनमधलं साधं कॅल्क्युलेटर, फोन आडवा धरला की सायंटिफिक होतं, त्याला नेट लागत नाही. आडवा होत नसेल तर स्क्रीन फिरण्याची सेटिंग बंद असते, ती चालू करा.